मारोती हनवते यांच्या गोळ्यांबाबत

नावडे,
१२ ऑगस्ट २०२४

डॉ. ईश्वरी दळवी यांना,

आपला माझा परिचय नाही. नावडे कॉलनीत सत्तावीस वर्षं माझा दवाखाना आहे. वाशीच्या रुग्णालयात, आपल्या मानसोपचार विभागात, शनिवारपासून तीनदा फोन केला. दोनदा मॅडम ओपीडीत आहेत असं सांगण्यात आलं, तिसऱ्यांदा ईमेल करा म्हणाले. ईमेलला उत्तर नाही, म्हणून हे कुरिअरने पाठवतो. मराठीत लिहितो, कारण इंग्रजीत लिहिलं की आपण डॉक्टर मंडळी मोघम लिहितो.

मारोती हनवते, वय चोपन्न, तळोज्याच्या एका रंगांच्या कंपनीत बॉयलर अटेंडंट. मूळचे नांदेडकडचे. शुक्रवारी सकाळी ते उठवूनही उठेनात, तेव्हा कामोठ्याच्या एका रुग्णालयात हलवलं. तिथे आयसीयूच्या डॉक्टरांनी घरातली सगळी औषधं आणायला सांगितली. त्यांच्या पत्नी राजश्रीबाईंनी कपाटातल्या साड्यांच्या घड्यांतून एक पाकीट काढून आणलं. त्यात लिथियमच्या गोळ्या होत्या आणि चिठ्ठी आपल्या सहीची होती. रक्तातलं लिथियम २.७ निघालं. ते एकच्या वर जाऊ नये, हे आपल्याला मी सांगायला नको. डायलिसिस करावं लागलं. आज ते माणसं ओळखतात.

मी त्यांच्या गुडघ्यासाठी वेदनाशामक देत होतो आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी. या दोन्हींमुळे लिथियम शरीरात साचतं. मला माहीत असतं तर मी दोन्ही दिली नसती. आपण नऊ महिने हे औषध देत होता आणि त्यांच्या घरच्या डॉक्टरला त्याचा पत्ता नव्हता. हे कसं झालं, ते कळावं.

नंदकुमार शेवडे


वाशी,
१६ ऑगस्ट २०२४

डॉ. शेवडे, नमस्कार.

ईमेल आमच्या ऑफिसच्या खात्यात पडून होता. मला तो तुमच्या पत्रानंतर दाखवण्यात आला. त्याबद्दल क्षमस्व.

काल कामोठ्याला जाऊन मारोतींना भेटले. तुमच्या पत्राला उत्तर देऊ का, असं त्यांना विचारलं. त्यांनी मानेनेच हो म्हटलं. म्हणून लिहिते आहे.

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये राजश्रीबाई त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. आठ-नऊ दिवस त्यांना झोप नव्हती, बोलणं थांबत नव्हतं, महापालिकेची निवडणूक लढवायची म्हणून ते कॉलनीत लोकांच्या दारोदार फिरत होते. अशी अवस्था त्यांना पूर्वीही एकदा आली होती. लिथियमने तीन आठवड्यांत ते सावरले. आपण उपचार घेतो हे कोणालाही कळवू नये, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि तुमचं नाव घेऊन सांगितलं. रुग्णाची संमती नसताना मला कळवता येत नाही. कायद्यानेही नाही.

कोणती औषधं टाळायची याचं कार्ड मी त्यांना दिलं होतं. त्यात वेदनाशामकांचा उल्लेख आहे.

आता माझा प्रश्न. कामोठ्याच्या नोंदीत लिहिलं आहे की हातांची थरथर आणि चालताना तोल जाणं तीन आठवडे आधीपासून होतं. तुमच्याकडे ते २३ जुलैला आले होते असं राजश्रीबाई म्हणतात. त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं आणि तुम्ही काय केलंत?

ईश्वरी दळवी


नावडे,
२० ऑगस्ट २०२४

डॉ. दळवी,

केसपेपर समोर ठेवून लिहितो.

२ जुलै. रक्तदाब वाढलेला. लघवी वाढवणारी गोळी सुरू. ११ जुलै. उजवा गुडघा सुजलेला. वेदनाशामक दिवसातून दोनदा, दहा दिवस. २३ जुलै. हात थरथरतात, जीभ जड. तपासून विश्रांतीचा सल्ला. ३० जुलै. राजश्रीबाई एकट्या आल्या, मारोती न्हाणीघरात पडल्याचं सांगितलं. वेदनाशामक आणखी दहा दिवस.

एवढंच आहे.

संमतीचा मुद्दा मला मान्य आहे. पण त्यांनी माझंच नाव का घेतलं, हे मला समजत नाही. त्यांच्या दोन्ही मुलींची बाळंतपणं झाली तेव्हा त्यांनी आधी मला फोन केला होता. त्यांच्या आई भिमाबाई गेल्या तेव्हा मी तिथे होतो. सव्वीस वर्षांत या माणसाने माझ्यापासून साधा ताप लपवला नाही.

नंदकुमार शेवडे


वाशी,
२७ ऑगस्ट २०२४

डॉ. शेवडे, नमस्कार.

तुमचा प्रश्न मी मारोतींना विचारला. ते आता घरी आहेत, हे तुम्हाला माहीत असेलच. परवा राजश्रीबाईंबरोबर रिक्षाने माझ्याकडे आले होते. लिथियम बंद केलं आहे, दुसरं औषध कमी मात्रेत सुरू केलं आहे. हात अजून कापतो, पण चहाचा कप धरता येतो.

उत्तर सोपं निघालं. त्यांच्या कंपनीतल्या कामगारांचे फिटनेसचे दाखले तुम्ही देता. दरवर्षी मार्चमध्ये त्यांच्या कार्डावर तुमची सही असते. ते म्हणाले, "डॉक्टर चांगलेच हायेत. पन त्यांना कळलं की त्यांना लिहावंच लागल. मंग त्यांचाबी इलाज नाही." तुमच्याबद्दल राग मला त्यांच्यात दिसला नाही. तुम्हाला अडचणीत टाकायचं नाही, अशा सुरात ते बोलत होते.

आता माझ्या बाजूचं. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते खरं होतं, पण पुरं नव्हतं. फाइल पुन्हा पाहिली. फेब्रुवारीत राजश्रीबाईंनी मला विचारलं होतं, आमच्या डॉक्टरांना सांगून टाकू का. मी म्हटलं, तुमची इच्छा. एका वाक्यात विषय संपवला. मारोतींना पुन्हा विचारलं नाही, कसली भीती वाटते हे तर कधीच विचारलं नाही. एकदा नको म्हणाले ते मी कायमचं धरलं. नुसत्या औषधांची नावं कळवू का, आजाराचं नाव न घेता, असं विचारता आलं असतं.

जून आणि जुलैमध्ये ते रक्त तपासायला आले नाहीत. आमच्याकडून कोणी फोन केला नाही. आणि जे कार्ड मी दिलं म्हणून तुम्हाला ऐकवलं, ते इंग्रजीत छापलेलं आहे. मारोती दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले आहेत.

एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. २४ जुलैपासून ते कामावर गेलेले नाहीत. म्हणजे रुग्णालयात जाण्याच्या सोळा दिवस आधीपासून. मी कारण विचारलं. राजश्रीबाई फक्त म्हणाल्या, "ते तुमी शेवडे डॉक्टरांना विचारा." म्हणून विचारते.

ईश्वरी दळवी


नावडे,
२ सप्टेंबर २०२४

डॉ. दळवी,

हे पत्र आठवडाभर टाळत होतो.

२३ जुलैला मारोती संध्याकाळी पाच वाजता आले. ड्यूटी संपवून सरळ आले होते. दारातून स्टुलापर्यंत येताना दोनदा भिंतीला हात टेकवला. बोलताना जीभ अडखळत होती. मी जवळ जाऊन वास घेतला. वास नव्हता. तरी मी विचारलं, मारोतराव, कधीपासून घ्यायला लागलात?

ते म्हणाले, "डॉक्टर, पंचशील घेतलंय मी. मी दारूला शिवत नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून इतकं जड आणि तुटक आलं, की मी त्यालाच पुरावा मानला. माझ्याकडे दर आठवड्याला असे चार तरी जण येतात आणि चौघंही शपथेवर सांगतात. मी त्यांचे डोळे पाहिले नाहीत, रक्त तपासायला पाठवलं नाही, दुसरीकडून काही औषध घेता का हेही विचारलं नाही. हा माणूस बॉयलर सांभाळतो, एवढं एकच मला त्या वेळी दिसत होतं. त्यांच्या समोरच कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरना, उदयसिंह यांना फोन लावला आणि सांगितलं की हनवते दारूच्या अमलाखाली आहेत, त्यांना बॉयलरवर घेऊ नका. केसपेपरवर इंग्रजीत तसंच लिहिलं. तुम्हाला मजकूर कळवताना ती ओळ मी गाळली.

दुसऱ्या दिवशी त्यांना गेटवरून परत पाठवलं. चौकशी होईपर्यंत कामावरून दूर.

३० जुलैला राजश्रीबाई आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं की ते घरातच असतात, कुठे जात नाहीत, तरी पडतात. म्हणजे दारूचा प्रश्नच नव्हता. मी ते ऐकलं आणि गुडघ्याच्या गोळ्या वाढवून दिल्या. ज्या गोळ्यांनी ते पडत होते त्याच.

बॉयलरवरून त्यांना उठवणं चूक नव्हतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ते खरंही आहे. त्या अवस्थेत बॉयलरजवळ उभं राहणं धोक्याचंच होतं. पण कारण खोटं दिलं आणि ते मीच दिलं. कॉलनीत आता त्यांच्याबद्दल बोललं जातं. विहारात ते जयंतीच्या कमिटीवर असतात. त्यांच्या थोरल्या मुलीच्या, क्रांतीच्या, सासरी ही गोष्ट पोचली आहे.

कंपनीला पत्र लिहून माझं म्हणणं मागे घ्यायचं आहे. पण आजार न सांगता ते कसं लिहावं, हे मला सुचत नाही. सांगितला तर त्यांनी नऊ महिने जे जपलं ते मी एका कागदात घालवीन. तुमचा सल्ला हवा.

नंदकुमार शेवडे


वाशी,
९ सप्टेंबर २०२४

डॉ. शेवडे,

पत्र दोनदा वाचलं. तुम्हाला बरं वाटेल असं काही लिहीत नाही. तशी तुमची अपेक्षाही नसावी.

कंपनीच्या पत्रात तुम्हाला जेवढं खात्रीने ठाऊक आहे तेवढंच लिहा. दारूचा निष्कर्ष तपासणी न करता काढला होता आणि तो चुकीचा होता. लक्षणं औषधांच्या एकत्र परिणामाची होती, त्यातली दोन औषधं तुम्हीच दिली होती, आणि तो परिणाम आता गेला आहे. तिसऱ्या औषधाचं नाव लिहायची गरज नाही. पण पत्र पाठवण्याआधी मारोतींना वाचून दाखवा. ते हो म्हणतील तेव्हाच पाठवा.

दुसरं, आपल्या दोघांचं. एक कागद करू या, मराठीत, एका पानाचा. रुग्ण कोणती औषधं घेतो. त्याबरोबर काय चालत नाही. मी कशावर लक्ष ठेवते आणि तुम्ही कशावर. रक्त कधी तपासायचं. काय दिसलं तर त्याच दिवशी कळवायचं आणि कोणत्या नंबरवर. आजाराचं नाव लिहायचं की नाही, हे रुग्ण ठरवेल. एक प्रत तुमच्याकडे, एक माझ्याकडे, एक त्याच्या खिशात. माझा नंबर खाली दिला आहे. ओपीडीत असले तरी तो मीच उचलते.

माझ्याकडे पनवेल, कळंबोली, कामोठ्याकडचे एकशे चाळीस रुग्ण आहेत. त्यांतल्या किती जणांचा घरचा डॉक्टर मला माहीत आहे, म्हणून काल मोजलं. अकरा.

आणखी एक, स्पष्टच लिहिते. माणसाचे दाखले तुमच्या हातात असताना तो तुम्हाला सगळं सांगणार नाही. मारोती एकटेच असतील असं समजू नका.

ईश्वरी दळवी


नावडे,
३ ऑक्टोबर २०२४

डॉ. दळवी,

कळवायला उशीर झाला, कारण काम आत्ता कुठे पुरं झालं.

मारोती आणि राजश्रीबाईंना दवाखान्यात बोलावणार होतो. मग वाटलं, आपणच जावं. गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. राजश्रीबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. मी मसुदा वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, की माझ्या फोनमुळे काही गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहे.

मारोती म्हणाले, "गैरसमज नाही झाला, डॉक्टर. तुमी सांगितलं, त्यांनी ऐकलं."

मी ते वाक्य तिथेच खोडलं आणि लिहिलं, की श्री. हनवते यांनी दारू घेतलेली नव्हती, त्यांनी तसं मला सांगितलं होतं, मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही आणि तपासणीही केली नाही. पुन्हा वाचून दाखवलं. त्यांनी कागद स्वतःच्या हातात घेऊन एकदा मनात वाचला आणि परत दिला. आजाराचं नाव नको म्हणाले. औषधांच्या परिणामाचं लिहायला हरकत नाही म्हणाले. निघताना राजश्रीबाईंनी चहा टाकते म्हटलं. मी बसलो.

सोमवारी पत्र घेऊन मीच कंपनीत गेलो. उदयसिंह यांनी वाचलं आणि विचारलं, बाकीचं औषध नेमकं कशाचं होतं. मी म्हटलं, ते सांगायची परवानगी मला पेशंटने दिलेली नाही. ते जरा नाराज झाले. मग म्हणाले, बॉयलरवर घ्यायचं तर त्यांना ते विचारावं लागेल. मी म्हटलं, त्यांनाच विचारा.

सात तारखेपासून मारोती कामावर जातील. चौकशी बंद झाली. मधल्या दिवसांची हजेरी धरली जाईल असं लेखी मिळालं आहे. तूर्त स्टोअरमध्ये बसवणार आहेत. बॉयलरचं सहा महिन्यांनी पाहू म्हणाले. मारोतींना हे कळवलं. बावीस वर्षं त्यांनी तो बॉयलर सांभाळला आहे.

त्याच भेटीत कंपनीला दुसरं पत्र दिलं. दाखल्यांचं काम मी सोडलं. पुढच्या मार्चपासून दुसरा डॉक्टर येईल. यात मोठेपणा नाही. दोन्हीकडून एकच माणूस बसू नये, हे मला वीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं.

तुमचा कागद चांगला आहे. माझ्याकडून पहिल्या आठवड्यात तीन भरून पाठवतो. यातल्या दोघी कोणत्या तरी मानसोपचारतज्ज्ञांची औषधं घेतात, हे मला माहीतच नव्हतं. विचारलं तेव्हा लगेच सांगितलं. आजवर विचारलं नव्हतं.

नंदकुमार शेवडे


नावडे,
१९ जानेवारी २०२५

दळवी मॅडम आणि शेवडे डॉक्टर, दोघांनाही सप्रेम जयभीम.

तुम्ही दोघं माझ्याबद्दल एकमेकांना लिहिता ते मला दाखवता. सगळं वाचलं. आता माझ्याकडूनही एक कागद तुमच्या फाइलीत राहावा म्हणून लिहितो. दोन प्रती केल्या आहेत, फोटो काढून दोघांनाही आजच फोनवर पाठवतो.

नाताळच्या सुट्टीत पुतणीच्या लग्नाला गावाकडे गेलो होतो. लग्नघर म्हटल्यावर जागरण आलंच. लग्न झालं तरी झोप आली नाही. चौथ्या दिवशी मला एकदम मोकळं वाटायला लागलं. गावात वाचनालय काढायचं ठरवलं. उभ्या उभ्या सात-आठ जणांना सभासद केलं, पाटी कोणत्या रंगाची तेही सांगितलं. राजश्री मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमी लई बोलायलेत." मागच्या दोन्ही खेपेला ती असंच म्हणाली होती आणि दोन्ही खेपेला मी तिच्यावर खवळलो होतो. या वेळीही खवळलो. पण माझ्या खिशातला कागद काढून तिने वाचून दाखवला. त्यात लिहिलंय, तीन दिवस झोप चार तासांच्या खाली गेली तर त्याच दिवशी कळवणे. माझ्या घरात, माझ्यासमोर बसून लिहिलेलं, मीच सांगितलेलं. कागदावर खवळता येईना.

तिने शेवडे डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी मॅडमना विचारून तासाभरात गोळी किती वाढवायची ते कळवलं. नांदेडला दुकानात मिळाली. तिसऱ्या दिवशी मी नऊ तास झोपलो. ठरलेल्या गाडीने परत आलो आणि सोमवारी स्टोअरमध्ये हजर झालो. कंपनीत कोणाला काही कळलं नाही, कारण कळण्यासारखं काही झालंच नाही. वाचनालयाचं मात्र गावातल्या पोरांनी मनावर घेतलंय. ते माझ्या अंगावर आहे, ते मी बघतो.

क्रांतीच्या सासरी शेवडे डॉक्टर स्वतः जाऊन आले, असं तिच्याकडून कळलं. तुम्ही मला बोलला नाहीत, म्हणून मीही काही बोलत नाही.

उदयसिंह साहेबांनी मागच्या आठवड्यात विचारलं, बॉयलरचं काय करायचं. मी म्हटलं, मार्चमध्ये नवे डॉक्टर येतील, त्यांच्यासमोर मीच सांगेन काय ते. सगळं सांगेन की अर्धं, ते अजून ठरलेलं नाही. राजश्री म्हणते सांगून मोकळे व्हा. मला भीती वाटते. तुम्ही दोघांनी यात घाई करू नये.

आता एक अडचण. गोळी वाढवल्यावर तुम्ही दोघांनी मला आपापला नवा कागद लिहून दिला. नव्या गोळीसाठी रक्त तपासायचं होतं, त्याची तारीख दहा जानेवारी होती. मॅडमच्या कागदावर लिहिलंय की शेवडे डॉक्टर तपासून घेतील. शेवडे डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय की वाशीला तपासतील. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. आज नऊ दिवस वर झाले. उद्या सकाळी मी काही न खाता तयार राहतो. कुठं यायचं ते दोघांनी मिळून ठरवा आणि मला एकच निरोप द्या.

मारोती हनवते